साडेतीन फुटांचे आप्पा

महापालिकेच्या कुठल्याही तलावावर सकाळी सहाच्या बॅचला जा, साडेतीन फुटांच्या कोपऱ्यात शिडीच्या दांड्याला पाठ टेकून एक आप्पा उभे असतातच. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे नुसतंच ‘सर’. पाणी बेंबीपर्यंत, डोक्यावर रबरी टोपी, गॉगल कपाळावर. तो डोळ्यांवर आलेला कोणी पाहिलेला नाही. त्यासाठी डोकं पाण्यात घालावं लागतं, आणि डोकं पाण्यात गेलं की बोलता येत नाही.

आप्पांचं स्विमिंग मात्र एक दिवस चुकत नाही. ओला टॉवेल खांद्यावर टाकून सोसायटीत शिरताना ते जिन्यात भेटणाऱ्याला सांगतात, “आज स्विमिंग जरा जास्तच झालं.” लहानपणी कमरेला वाळका भोपळा बांधून काकांनी गावच्या विहिरीत ढकललं होतं आणि दोन दिवसांत आपण सूर मारायला लागलो, हा त्यांचा दाखला. खरंही असेल. विहीर गावाला आहे, तपासायला कोण जाणार?

ज्ञान मात्र अस्सल. तलावाचा तो नाक झोंबणारा वास नुसत्या क्लोरिनचा नव्हे. घाम आणि लघवीशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच, हे आप्पा खड्या आवाजात सांगतात. सांगताना नजर बालगटाकडे वळते. बालगट तेवढ्यापुरता पाण्याखाली जातो.

एखादा कॉलेजकुमार म्हणतो, “आप्पा, मी फ्रीस्टाइल करतो.” संपलंच. “फ्रीस्टाइल नव्हे, क्रॉल. फ्रीस्टाइल हे शर्यतीचं नाव. त्यात कसंही पोहा, नियम आड येत नाही. क्रॉल सगळ्यांत वेगवान, म्हणून सगळे तोच मारतात, एवढंच. पण मेडलीत? तिथे फ्रीस्टाइल म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक सोडून काहीही. आणि बटरफ्लाय तरी कुठून आलं? ब्रेस्टस्ट्रोकमधूनच फुटलं. ऑलिंपिकमध्ये वेगळं झालं ते १९५६ ला, मेलबर्नला...” मुलगा एव्हाना पलीकडचा काठ शिवून परत आलेला असतो. आप्पा अजून मेलबर्नलाच असतात. बेडकासारखं पोहणाऱ्या कोणाला तो हसलाच, तर कॅप्टन वेबची हजेरी लागते. त्यानं १८७५ मध्ये इंग्लिश खाडी ब्रेस्टस्ट्रोकनंच पार केली, पावणेबावीस तासांत. गुडघ्याचं कारण सांगून दांडी मारणाऱ्यासाठी मुरलीकांत पेटकर राखून ठेवलेले असतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या जवानानं १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये, हायडेलबर्गला, पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सोनं आणलं. “आणि तुमचा गुडघा?” दांडीबहाद्दर दुसऱ्या दिवशी हजर.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पन्नाशीला पोहणं शिकायला आलेला माणूस दांडा असा धरतो की सोडवायला लोहार बोलवावा. वरून प्रशिक्षक ओरडत असतो, “पाय मारा, पाय!” आप्पा शेजारी सरकतात. “पायांचं राहू द्या हो. तोंड पाण्यात घालून नुसते बुडबुडे काढा. पाण्यात श्वास सोडायचा, घ्यायचा बाहेर. आत असताना कोंडून धरलात तर वर येऊन सोडायचा कधी आणि घ्यायचा कधी?” हे वाक्य प्रशिक्षकालाही ठाऊक असतं, पण तो बिचारा लहानपणीच पोहायला शिकलेला, भीती कुठे बसते ते त्याला दिसत नाही. आप्पांना नेमकं दिसतं. कसं दिसतं, ते विचारू नये.

आठवड्याभरात दांडा सुटतो, महिन्याभरात माणूस आडवा तलाव पार करतो, आणि एक दिवस दहा फुटांकडे जातो तो परत उथळात येत नाही. लांबून हात करतो, बस्स. आप्पांचे सगळे चांगले शिष्य असेच गेले. आप्पाही हात करतात आणि दांडा धरलेला नवा माणूस शोधू लागतात. उन्हाळ्यात तो लगेच मिळतो. डिसेंबरात आठवडाच्या आठवडा कोणी फिरकत नाही, तेव्हा आप्पा जीवरक्षकालाच बटरफ्लायचा इतिहास ऐकवतात.

पावणेसातला शिट्टी होते. आप्पा ओंजळभर पाणी टोपीवर शिंपडतात; घरी कोरडी टोपी नेऊन कसं चालेल?

“आप्पा, चला, बॅच संपली!”

“थांब रे,” दांडा न सोडता आप्पा म्हणतात, “माझी शेवटची लॅप चालू आहे.”