काँग्रेसचा सातवा भाग

पक्षविरोधी कारवायांचा ठपका माझ्यावर कधी आला नाही, कारण मी कुठल्या पक्षातच नव्हतो. पक्षकार्याचा ठपका मात्र आला. तोही राहत्या सोसायटीत, स्वतःच्या अंगठ्यामुळे.

२०१५ सालचा नोव्हेंबर. १२ ते १५ तारखेला गोरेगावच्या सेमिनरीत राष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती. युकॅरिस्ट म्हणजे मिस्सेतला भाकर-द्राक्षरसाचा संस्कार. त्याच्या निमित्ताने देशभरचे बिशप, फादर, सिस्टर आणि आमच्यासारखी संसारी माणसं एकत्र जमतात, ती ही काँग्रेस. आमच्या घराला हा शब्द जुना. १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस झाली, तिला खुद्द पोप सहावे पॉल आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. ठाण्यात चेंदणीला राहणारी माझी मावशी तेव्हा फ्रॉकात होती. ओव्हल मैदानावर वडिलांच्या खांद्यावर बसून तिने पोप पाहिले. पोपनी जाताना आपली लिंकन गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला, हे मावशी अशा थाटात सांगते, की तिकिटं हिनेच खपवली असावीत.

तर मावशीला ही काँग्रेसही बघायची होती. "गुडघ्यांचं मी बघेन रे, पण दादरचा जिना कोण चढणार?" मग चेंदणी ते गोरेगाव हे अंतर फोनवरून कापायचं ठरलं. प्रतिनिधी म्हणून गेलेल्या भाच्याने तिथलं शूटिंग पेनड्राइव्हवर आणलं. चार जीबी. पॅरिशमध्ये ते सगळ्यांना पोचवायचं कोणी, असं फादरनी विचारलं आणि मी हात वर केला. (पूर्वी एकदा हॉलमधला बंद प्रोजेक्टर मी सुरू केला होता. प्लग निघाला होता, तो बसवून. तेव्हापासून मी तांत्रिक माणूस.)

तेव्हा जिओ यायचं होतं. एक जीबी डेटा महिनाभर लोणच्यासारखा पुरवून खायचे ते दिवस. त्यात व्हॉट्सअ‍ॅप १६ एमबीच्या वरचा व्हिडिओ घेईना. चार जीबी भागिले सोळा म्हणजे अडीचशेच्या वर तुकडे. रोज एक पाठवला असता तर पुढची आषाढी उलटली असती. म्हणून मी एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून ते शूटिंग रात्रभर पिळलं. सकाळी रस बादलीत गेल्यावर चरकाखाली उरतं तसं चिपाड हाती आलं, पण सात तुकड्यांत बसलं. बिशपांच्या रांगेतले चेहरे गेले होते. उरले ते पांढरेशुभ्र कपडे, पांढऱ्या टोप्या, एक मंडप आणि लोकांच्या दिशेने उचललेला एक पंजा. आशीर्वादाचा. हे मला ठाऊक होतं.

सोळा तारखेच्या रात्री मी सहा भाग धडाधड पाठवले. पहिल्यासोबत मजकूर: 'काँग्रेस, भाग १. जरूर पाहा. आपल्या माणसांपर्यंत पोचवा.' सातवा भाग गोल गोल फिरत असतानाच पहिल्याचं उत्तर आलं, 'निवडणूक संपली. आता तरी झोपू द्या.'

आमच्या पॅरिशच्या ग्रुपचं नाव 'आपला परिवार'. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपचं नावही 'आपला परिवार'. या देशात परिवारांना तोटा नाही.

पंधराच दिवसांपूर्वी, १ नोव्हेंबरला, कल्याण-डोंबिवली महापालिकेचं मतदान झालं होतं. शिवसेना ५२, भाजप ४२, काँग्रेस ४. ग्रुपवरची भांडणं फराळामुळे कशीबशी निवली होती. त्या राखेत मी फुंकर घातली होती. 'चार जागांत भागलं नाही वाटतं!' दुसऱ्या मजल्यावरून आलं. 'पक्षप्रवेश कधी केलात?' चौथ्या मजल्यावरून. पाठवलेलं सगळ्यांच्या फोनमधून पुसायची सोय यायला अजून दोन वर्षं होती, म्हणून मी खुलासा करायला बसलो. मोठ्या चुकीवरचा हा सर्वांत वाईट उपाय.

'ही ती काँग्रेस नव्हे,' मी लिहिलं. 'ही राष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस.'

'म्हणजे राष्ट्रवादीतून फुटलेली का?' तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं. त्यांनी हे निरागसपणे विचारलं होतं, असं मला आजही वाटत नाही. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई विद्यापीठात सायन्स काँग्रेस भरली होती. तिथल्या प्राचीन विमानांची बातमी याच काकांनी याच ग्रुपवर तीनदा फिरवली होती. तेव्हा त्यांना कोणी पक्ष विचारला नव्हता. पण हे लिहायची हिंमत होईपर्यंत सेक्रेटरींनी नियम दाखवला, 'ग्रुपवर राजकारण नको', आणि मला बाहेर काढलं.

रविवारी लॅपटॉप काखेत मारून ठाण्याला गेलो. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमधून मावशी मिस्सा करून आली होती. तिने चष्मा पुसला, पडदा पुसला, पुन्हा चष्मा पुसला. "पोप कुठाय?"

"पोप नाही आले. त्यांच्या वतीने कोलंबोचे कार्डिनल रंजित आले होते."

"मग गाडी कुणाला दिली?"

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि पाणीकपात सुरू होती. कोणत्या दिवशी नळ कोरडा, हे आम्हांला फक्त सोसायटीच्या ग्रुपवर कळायचं. आम्हांला म्हणजे ग्रुपवर असलेल्यांना. डोक्याला, तोंडाला साबण लावून झाल्यावर मला ते कळलं. टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन, चाचपडत तळमजल्यावर उतरलो. काकांनी दार उघडलं, काही न बोलता आत जाऊन अर्धी बादली आणून दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते शेवटचं गाणं मध्येच तुटलं हो. हिला चैन पडत नाहीये. सातवा भाग आहे का?"

"पाठवतो. कुठे पाठवू?"

"माझा दुसरा नंबर घ्या. ग्रुपवर नको."

त्यांनी नंबर सांगितला. डोळ्यांत साबण होता, म्हणून वर जाईपर्यंत तो तोंडाने घोकत गेलो आणि त्याच मजकुरासह सातवा भाग पाठवून टाकला. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असावा. रात्री उशिरा उत्तर आलं, 'साहेब, व्हिडिओ पाहिला. आम्ही सोबत आहोत. पुढची बैठक कुठे?'