राक्षे-गायकवाडची परत लागणार का?

“वहिनी, दौंडचा भाऊ आलाय ना तुमचा? विचारा त्याला, शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाडची परत लागणार कधी?”

“त्याला कशाला, मीच सांगते की अण्णा. शिरूरला नांदले म्हणून काय झालं, माहेर तालमीचं आहे माझं. जानेवारी २०२३, कोथरूड. महाराष्ट्र केसरीची फायनल. मिनिटाच्या आत गायकवाड चीत.”

“पण त्याआधी मातीत त्यानं सिकंदर शेखला काढलं, त्या टांगेच्या गुणांवरून केवढा गदारोळ!”

“व्हायचाच. पण सिकंदर रडत बसला का? त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला, इथं नगर रोडच्या बाजूलाच, फायनलला समोर राक्षे. अर्धं मिनिट नाही लागलं. झोळी टाकली, गदा घेऊन गेला.”

“राक्षेचं मात्र नशीब! त्याच महिन्यात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा.”

“संघटना दोन, मग केसरीही दोन. वाढा पंगतीला!”

“बॉक्सिंगमध्ये चार-चार पट्टे असतात वहिनी. तो इंग्लंडचा अँथनी जोशुआ बघा. जून २०१९ ला न्यूयॉर्कात अँडी रुईझनं लोळवला. डिसेंबरात सौदीला परत सामना, पट्टे परत. करारातच लिहून घेतलेलं होतं.”

“तिथं पैलवानामागं वकील उभा असतो हो. आपल्याकडं हरला की परत जिल्ह्याच्या निवड चाचणीपासून सुरुवात. त्यात माती वेगळी, गादी वेगळी. मातीतला एक आणि गादीवरचा एक, हेच दोघं फायनलला. तुमचा वैरी दुसऱ्या विभागात असला तर तुम्ही जिंकून भागत नाही, त्यानंही जिंकावं म्हणून देव पाण्यात घालायचे! वाघोलीच्या अभिजित कटकेला २०१६ च्या फायनलला विजय चौधरीनं हरवलं. पुढच्या वर्षी भूगावला कटके केसरी झाला, पण समोर होता किरण भगत. चौधरीची परतफेड राहिलीच.”

“आणि अहिल्यानगरला, फेब्रुवारी २०२५ ला, अगदी जुळत आलं होतं. गायकवाड मातीतून वर आलेला. राक्षेला गादीवर फक्त पृथ्वीराज मोहोळ काढायचा होता.”

“तिथंच तर घोळ! पंच म्हणाले, पाठ टेकली. राक्षे म्हणाला, नाही. आणि घातली पंचांना लाथ.”

“पाठ खरंच टेकली नव्हती म्हणतात.”

“नसेल. लाथ तर लागली ना? मग फायनलला गायकवाडही गुणावरून भांडून मैदान सोडून गेला. मोहोळ केसरी झाला, आणि या दोघांना तीन-तीन वर्षांचं निलंबन. एकमेकांशी लढायचं राहिलं, शिक्षा मात्र जोडीनं.”

“महिन्या-दोन महिन्यांत कर्जतला वेताळ शेळकेनं दुसऱ्या संघटनेची गदा नेली. पृथ्वीराज पाटीलला हरवून.”

“भाऊ गेला होता ना बघायला, सिद्धटेकवरून! पाटील २०२२ चा साताऱ्याचा केसरी. एकदा गदा मिळाली म्हणून दुसऱ्यांदा कुणी आणून देत नाही.”

“मग राक्षे-गायकवाडला आता राहिली यात्रेतली कुस्ती. कमिटीनं भारी इनाम बोललं की कुणाचीही जोड लागते.”

“लागेल की. गदा नाही मिळायची, पण हिशेब चुकता होईल. बोला, वर्गणी किती मांडू तुमच्या नावावर?”

“मांडा पाच हजार. दोघांची लागली तरच हं!”

“आणि पंच? तुम्ही उभे राहता का अण्णा?”