स्टॅटिकवाले काका

बुऱ्हाणपुरात लूमचा खडखडाट ऐकू येत नाही अशी गल्ली एखाद वेळेस सापडेल. स्टॅटिकवाले काका नाहीत अशी सापडणं कठीण. नोकरीतून निवृत्त, खिशात दोन पेनं, एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि कुणाचंही नेट चालू असलेलं बघवत नाही.

राउटरने आपण होऊन दिलेला आयपी पत्ता काकांना मान्य नाही. “तो आज देतो, उद्या काढून घेतो. आपला पत्ता पक्का, म्हणजे स्टॅटिक, पाहिजे बेटा!” असं म्हणत ते खुर्ची ओढतात, ‘ऑटोमॅटिक’वरची खूण काढतात आणि संध्या म्हणावी तसं तोंडपाठ टाइप करतात : १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस चार आठ. नेट आधीही चालत होतं, आताही चालतं. काका मात्र चहा मागतात.

संध्याकाळी त्या घरी भाचा येतो. राउटर त्याच्या मोबाइललाही तोच दहा नंबर देऊन टाकतो आणि दोन्ही अडखळायला लागतात. काकांचं निदान ठरलेलं : “लाइनच खराब आहे.” शेवटी कॉलेजातली नात राउटरमध्येच तो आकडा आजोबांच्या कॉम्प्युटरच्या नावे राखून ठेवते. काकांच्या मते हा शॉर्टकट आहे.

खरी गंमत पुण्यात राहणाऱ्या एका मुलाची. त्याला तिथे बसून इथल्या कारखान्याचा कॅमेरा बघायचा होता. काकांनी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरलाही लाडका दहा नंबर बसवला आणि तो व्हॉट्सॲपवर पुण्याला धाडला. मुलाने तो टाइप केला, तर उघडला त्याच्याच फ्लॅटमधला प्रिंटर! १९२.१६८ हे आकडे घरातल्या घरात चालायचे. ते जगातल्या कुठल्याही घरात असू शकतात. बाहेरून पक्क्या पत्त्यावर थेट यायचं तर इंटरनेट कंपनीकडून वेगळे पैसे भरून सार्वजनिक स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो, आणि राउटरमध्ये पोर्टही उघडावा लागतो.

हा सार्वजनिक पत्ता फुकट का नाही, यावर काका कंपनीच्या पोराशी तासभर भांडले. पोरगा बिचारा सांगत होता, की जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवतात. काकांना हे चटकन समजलं. “म्हणजे आपला पाण्याचा कुंडी भंडारा! भुयार एक, कुंड्या शंभर. खानखानाच्या काळापासून बघतोय आम्ही.” पोराला वाटलं, सुटलो. तेवढ्यात काका म्हणाले, “मग माझी कुंडी तेवढी माझ्या नावावर लिहून दे.”

आता काका आयपीव्ही६ शिकताहेत. त्यात पत्ते इतके अफाट, की घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मिळू शकतो. फक्त तो पत्ता बत्तीस आकडे-अक्षरांचा असल्यामुळे पाठ होत नाहीये. तोवर ते तुमच्याकडे आलेच, तर दराबा खाऊ घाला, चहा पाजा; राउटरचा पासवर्ड मात्र देऊ नका.