मॅटवर डाव, पडद्यावर फेटा
महाराष्ट्र केसरीची मॅटवरची लढत म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. तेवढ्यातही टीव्हीचा कॅमेरा व्यासपीठाकडे जाऊन येतोच. फेटा कुणाला बांधला, नारळ कुणी घेतला, हे घरोघरी लख्ख दिसतं. ढाक हा डाव लागला तो मात्र आरडाओरड्यावरून ओळखायचा. 2022 साली साताऱ्यात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने अंतिम लढत 5-4 अशी जिंकली. एका गुणाचा मामला! असा गुण कशाचा मिळाला, हे प्रेक्षकाला कळायला नको? पडद्यावर आकडा बदलतो, कारण गुलदस्त्यात.

त्यापेक्षा सांगलीकडच्या जत्रेतला निवेदक परवडला. हातात एक माईक, पण डाव, पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम सगळं तोंडपाठ. त्यालाच स्टुडिओत बसवा. (हलगीही चालेल, जाहिरातीच्या संगीतापेक्षा ती नक्कीच तालात असते.) ड्रोन तेवढा खाली उतरवा, पट काढणारा हात आभाळातून दिसत नाही.

आणि सत्कार थेट दाखवायचेच असतील, तर त्यांनाही कुस्तीचा नियम लावा: तीस सेकंदांत काही घडलं नाही, तर गुण समोरच्या पाहुण्याला.