रुसलेला जावई आणि गार भात

लग्नात जावई रुसला की अंगठी देतात, घड्याळ देतात, फारच ताणलं तर मोटारसायकल. आमच्या मुंबईने 2015 साली एका रुसलेल्या जावयाला अख्खा फुटबॉल संघ देऊन टाकला.

जावई फ्रान्सचा. निकोला आनेल्का. पायात जादू, नाकावर राग. वयाच्या विसाव्या वर्षी आर्सेनलने त्याला दोन कोटी पौंडांच्या वर घेऊन रिअल माद्रिदला विकला. तिथे सराव करायचा नाही म्हणून रुसला. क्लबने 45 दिवस घरी बसवला. आणि 2000 च्या मे महिन्यात हाच गडी चँपियन्स लीगचा चषक घेऊन मिरवत होता! रुसण्याचा असा मोबदला मिळाल्यावर सवय सुटते होय?

2010 च्या वर्ल्ड कपला तो प्रशिक्षक रेमों दोमेनेकवर असा घसरला की फ्रान्सने त्याला थेट घरी धाडला. त्याच्यासाठी बाकीच्यांनी सरावावर बहिष्कार टाकला आणि सगळे बसमध्ये जाऊन बसले. पत्रकारांसमोर त्यांचं पत्रक वाचलं कुणी? खुद्द दोमेनेकने! 18 जानेवारी 1982 पासून लालबाग-परळने संप म्हणजे काय ते घरात पाहिलंय, चुलीवरच्या रिकाम्या पातेल्यात पाहिलंय. पण कामगारांचं पत्रक मालकाने गेटवर उभं राहून वाचल्याचं आमच्याकडे कुणाला आठवत नाही.

तर असा हा आनेल्का. 2014 ला मुंबई सिटीत खेळाडू म्हणून आला, पुढच्या वर्षी खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे हे ठाऊक होतं. इथे सासू नि सून एकाच जर्सीत. सुनेने फणकारा मारला तर समजूत काढायला सासूने आरशासमोर उभं राहायचं.

घरचं मैदान नेरूळला. लालबागकराने चालत कॉटन ग्रीन गाठायचं, हार्बर पकडायची आणि खाडी ओलांडून ‘आपल्या’ मुंबईला टाळ्या वाजवायच्या. रोव्हर्स कप बघितलेलं कूपरेज इकडे दक्षिण टोकाला होतं, ते असो. ऑक्टोबरात सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकसह नॉर्थईस्टचा 5-1 फडशा पाडला, तेव्हा भाडं वसूल वाटलं. नोव्हेंबरात गोव्याने 7-0 असं धुतलं की तिकडची माणसं मासळी बाजारात अजून भाव सातावरच सुरू करत असतील. आठ संघांत आपण सहावे. जावई परत गेला.

आता घरातल्या माणसाचं. खालिद जमील. हाही आधी खेळाडू, मग प्रशिक्षक. महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग मुंबई एफसी हा दुसरा, गरिबाघरचा संघ 2009 पासून सात मोसम सांभाळला. चषक नाही, पण संघ आय-लीगमधून खाली पडू दिला नाही. 2016 मध्ये त्याला नारळ मिळाला. तो मिझोरमला आयझॉलकडे गेला आणि पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकून बसला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली आणि पुढे दुकानच बंद झालं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे तर मळाच उपटला.

आपल्याकडे पंगतीची रीत ठरलेली. पहिली व्याह्यांची, दुसरी जावयाची, शेवटची वाढप्यांची. खालिद रुसल्याची बातमी मी कधी वाचली नाही, म्हणून तो शेवटच्या पंगतीत. ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या प्रशिक्षकपदाचं पान त्याच्यासमोर मांडलं गेलं, तेव्हा फिफाच्या यादीत आपण 133 वे होतो.

भात गार, वरण तळाला, जिलबी संपलेली. आणि वर यजमानांचा आग्रह, सावकाश होऊ द्या!