बिनपैशाची सुपारी आणि गप्प बसलेला ढोलकीवाला

गुरुवारी रात्री साडेनऊला वाद्यवृंदाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गायकाचा निरोप येतो. ‘मित्रांनो, छान संधी आहे. वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी कार्यक्रम. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार. मानधन नाही, पण समाधान भरपूर.’ शेवटी जोडलेले हात तीन आणि फुलं चार. पाच मिनिटांत पाच अंगठे उमटतात. निवेदिका ‘माझ्याकडून नक्की’ असं लिहून मोकळी होते आणि कीबोर्डवाला अंगठ्याबरोबर एक लाल बदामही पाठवतो. सातव्या माणसाच्या दोन खुणा निळ्या होतात आणि त्यापुढे काहीच होत नाही. हा सातवा माणूस तबला-ढोलकी वाजवतो.

इथून पुढे काय करावं, यावर मराठीत एकही प्रमाणग्रंथ नाही. मोदकाच्या उकडीपासून सत्यनारायणापर्यंत सगळ्याचा विधी छापून मिळतो, पण धर्मादाय कार्यक्रमासाठी अडून बसलेल्या साथीदाराला कसं उठवावं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आजवरच्या वाद्यवृंदांनी हा प्रश्न फक्त दोन मार्गांनी सोडवला: एक तर भांडण, नाहीतर दुसरा ढोलकीवाला. दोन्ही मार्ग खर्चिक आहेत.

सर्वप्रथम, त्याच रात्री फोन करू नये. रात्री साडेदहाला येणारा फोन हा गूळ लावण्यासाठीच असतो, हे वाजवणाऱ्या माणसाला पहिल्या ‘अरे बाबा’लाच कळतं. दुसरं, त्याला वगळून नवा ग्रुप काढू नये. ‘त्याला पैशाशिवाय काही दिसत नाही’ हे वाक्य त्या नव्या ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, आणि त्याचा फोटो काढून कोणीतरी ते मूळ माणसाला पाठवतंच. शनिवार सकाळपर्यंत थांबावं. चहा झालेला असतो, शिकवण्या अजून सुरू झालेल्या नसतात.

मधल्या दीड दिवसात निदान करावं. नाराजी आणि वाद्याचं वजन यांचं समप्रमाण असतं, हे या शास्त्राचं पहिलं सूत्र. गायक कार्यक्रमाला येतो तो मोबाइल, गरम पाण्याची बाटली आणि खिशात ज्येष्ठमध घेऊन. निवेदिकेकडे तर एक फाइल असते. तबला-ढोलकीवाल्याकडे मात्र डग्गा आणि दोन तबले, दोन ढोलक्या, खंजिरी-घुंगरांची पिशवी, शिवाय स्टँडसकट ऑक्टोपॅड असतो. हे सगळं रिक्षात बसत नाही आणि दुचाकीवर नेणं पोलीस आणि पाठीचा मणका या दोघांनाही मान्य नसतं. त्यात कार्यक्रम पावसाळ्यात असला तर कातडं ढिलं पडतं, चढवलेला स्वर मध्यंतरापर्यंत उतरतो. भर कार्यक्रमात पुडी फाटली तर नवी कुणाच्या पैशानं चढवायची, हे समाधान भरपूर असलेल्या निरोपात कधीच लिहिलेलं नसतं. म्हणजे सगळे जण फुकट गातात-वाजवतात हे वरवर खरं. प्रत्यक्षात गायक फुकट गातो आणि ढोलकीवाला पदरचे पैसे घालून वाजवतो.

निदान झाल्यावर बोलणं. इथे काही वाक्यं कटाक्षानं टाळावीत. ‘देवाचं काम आहे’ म्हणू नये, कारण देवळातला सनईवालासुद्धा बिदागी घेतो. ‘नाव होईल’ म्हणू नये, कारण ते कुणाचं होईल हे त्याला आधीच्या फ्लेक्सवरून ठाऊक आहे. (फ्लेक्सकडे पुढे येऊच.) ‘पुढच्या वेळी नक्की बघू’ हे सर्वांत घातक. ती पुढची वेळ गेली अकरा वर्षं पुढेच आहे.

त्याऐवजी एकच साधा प्रश्न विचारावा: बाबा रे, कुठं घोडं पेंड खातंय? आणि मग गप्प बसावं. गप्प बसणं गायकांना जड जातं, तरी बसावं. दोन मिनिटांनी पलीकडून जे येतं ते सहसा पैशांबद्दल नसतंच. ते येतं प्रश्न होऊन: ‘साउंडवाल्याला किती देणार आहेत?’

हा प्रश्न ऐकून रागावू नये, आयोजकांकडे जाऊन त्याचं उत्तर आणावं. उत्तर बहुधा असं असतं, की सभागृहाचं भाडं भरलंय, साउंडवाल्याला अर्धी रक्कम आगाऊ दिलीये, फुलवाला, केटरर, फ्लेक्सवाला, फोटोवाला या सगळ्यांची बिलं ठरलीयेत. आयोजक वाईट माणसं नसतात. केटररला ‘वडे समाधानासाठी तळा’ असं सांगायला त्यांची जीभ रेटत नाही आणि वाजवणाऱ्याला सांगायला रेटते, एवढंच. का, तर वाजवणारा वाजवताना हसतो. ज्या कामात माणूस खूश दिसतो त्याचे पैसे द्यायला समाज बिचकतो, असं दिसतं.

आता उदाहरणं. मोठ्यांच्या गोष्टी साथीदाराला सांगायला बऱ्या पडतात, मात्र त्या पुऱ्या सांगाव्यात.

पिंक फ्लॉइड या बँडची गोष्ट या शास्त्रात पाठ्यपुस्तकासारखी आहे. रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मर यांचं १९८०च्या दशकात असं फाटलं, की बँडच्या नावावरून प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. २००५ साली बॉब गेल्डॉफ लाइव्ह एट हा कार्यक्रम जुळवत होता आणि त्याला बँडचे चौघे एका मंचावर हवे होते. गिल्मरनं फोनवर नाही म्हटलं. त्याचं स्वतःच्या अल्बमचं काम चालू होतं. गेल्डॉफ समजावायला आगगाडीनं निघाला. वाटेत गिल्मरनं पुन्हा फोन करून सांगितलं, येऊन उपयोग नाही. गेल्डॉफ तरी गेला आणि तसाच परत आला. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या गायकाला पाठ आहे, कारण त्यानंही असंच केलेलं असतं. पुढची महत्त्वाची. ड्रमर निक मेसननं वॉटर्सला ईमेलवर कळवलं आणि ज्याच्याशी भांडण होतं त्या वॉटर्सनं स्वतः गिल्मरला फोन केला. गिल्मरनं विचाराला वेळ मागून घेतला आणि मग होकार दिला. २ जुलै २००५ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे २४ वर्षांनी एकत्र वाजले. त्यानंतर त्यांच्या जुन्या अल्बमचा खप उसळला, तेव्हा आधी अडून बसलेल्या त्याच गिल्मरनं जाहीर केलं, की या वाढीव विक्रीतला आपला नफा आपण दानात देणार, बाकीच्यांनीही द्यावा.

यातून घ्यायचं ते हे, की मध्यस्थ कितीही नामवंत असला तरी फोन ज्याच्यावर राग आहे त्यानंच करायचा असतो. आपल्या वाद्यवृंदात तो कोण, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. आधीच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स आठवावा. त्यावर अर्ध्या जागेत गायक, वर प्रमुख पाहुणे, उजवीकडे नगरसेवक, खाली सराफ आणि मिठाईवाल्याची जाहिरात, मिठाईवाल्याचे तर दोन्ही फोन नंबर. आणि सगळ्यात तळाशी, जिथे फ्लेक्स बांबूला बांधताना दुमडला जातो तिथे, ‘व साथीदार’. ढोलकीवाल्यानं तो दुमडलेला कोपरा सरळ करून पाहिला होता. गायकानं तेव्हा मुखपृष्ठासारखा स्वतःचा फोटो काढून घेतला होता.

नाव आणि मान यांवर तोडगा निघू शकतो, याचा पुरावा मराठी रंगभूमीवरच आहे. ८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाला. एकीकडे गंधर्व नाटक मंडळी, दुसरीकडे ललितकलादर्श, म्हणजे त्या काळातले दोन तुल्यबळ प्रतिस्पर्धी. दोघांच्या चाहत्यांत विस्तव जात नव्हता. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. तिकिटाचा वरचा दर १०० रुपये होता. त्या काळी १०० रुपये हा कित्येकांचा काही महिन्यांचा पगार, तरी लोक तुटून पडले. पुढे तीनच महिन्यांत केशवराव गेले, त्यामुळे या प्रयोगाची आठवण आणखीच जपली गेली. आता तांत्रिक बाजू पाहावी. नायकाची आणि नायिकेची अशा दोन भूमिका असल्यामुळे दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या मागे बसावं लागलं नाही. जाहिरातीत ‘बालगंधर्व व साथीदार’ असं छापायची सोय नव्हती. नाटकाचं नावच ‘मानापमान’ असल्यानं मंडळींना विषयाचा अंदाजही असावा. आपल्या वाद्यवृंदात एवढं जमणार नाही, पण मध्यंतरानंतर सात मिनिटांची ढोलकीची जागा ठेवावी, तिच्यात गायकानं पाणी प्यावं आणि टाळ्या पडताना माइकमध्ये खोकू नये.

कागदपत्रांकडे येऊ. इथे अडून बसणारा माणूस बहुधा सर्वांपेक्षा शहाणा निघतो. ‘करसवलत मिळेल की’ असं आयोजकांपैकी कोणी म्हणेल. तर, ती सवलत पैशांच्या देणगीला असते. तीन तास ढोलकी वाजवली, त्याची पावती आयकर खातं मानत नाही. रोख २ हजार रुपयांपेक्षा जास्त दिले तर तेही मानत नाही. ‘हौशी मंडळ आहे, गाण्यांचा परवाना लागत नाही’ असंही कोणी म्हणेल. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात हौशी मंडळांना सवलत आहे खरी, पण ती श्रोत्यांकडून पैसे न घेतल्यास किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेसाठी असल्यास. वृद्धाश्रमासाठी तिकीट लावलं, की सिनेमाच्या गाण्यांचा परवाना घ्यायचा. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं की कापली जाते ती ढोलकीचीच जागा.

कागदाचं महत्त्व पटवायला बांगलादेशासाठीची मैफल आठवावी. १ ऑगस्ट १९७१ला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. सतार, सरोद आणि अल्लारखांचा तबला जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हेच वादन. (तबला लावायला वेळ लागतो म्हणून कुरकुरणाऱ्या आयोजकांना हा प्रसंग जरूर ऐकवावा.) दारावरचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पण आधीपासून रीतसर धर्मादाय व्यवस्था लावून ठेवलेली नसल्यामुळे अल्बम आणि चित्रपटाच्या कमाईतला मोठा भाग अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडला. त्या वेळी वाद्यवृंदात एखादा खवट साथीदार असता आणि त्यानं ‘हे पैसे जाणार कुठून कुठं?’ असं विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

त्याच मैफलीत बॉब डिलन येणार की नाही, हे ऐनवेळेपर्यंत ठरलेलं नव्हतं. आदल्या दिवशी तालमीला येऊन तो कॅमेरे पाहून बिचकला होता. हॅरिसननं गिटारला चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. डिलन आला आणि गायला. धडा व्यावहारिक आहे. यादीत प्रश्नचिन्हाला जागा ठेवावी आणि त्या जागी वाजवायला एक गाणं ढोलकीशिवायचंही बसवून ठेवावं.

एवढ्या तयारीनंतर एक शेवटचा उपाय. आयोजकांकडून सगळ्यांसाठी लहानशी का होईना, पाकिटं घ्यावीत. ढोलकीवाल्याचं पाकीट त्याच्या हातात द्यावं आणि संस्थेची देणगीपेटी दोन पावलांवर ठेवावी. पुढे काय करायचं ते त्याचं तो ठरवील. तो पाकीट खिशात घालून निघून जाईल, हा धोका आहे. पत्करावा.

शनिवारी सकाळी अकराला ग्रुपवर त्याचं उत्तर येतं. ‘येतो. टेम्पोचं भाडं, फ्लेक्सवर नाव, साडेनऊला शेवटचं गाणं.’ परत सगळे अंगठे. गायक निःश्वास टाकतो, आयोजकांना कळवतो, फ्लेक्सचं डिझाइन दुरुस्तीला जातं आणि त्यात ढोलकीवाल्याच्या आडनावातला एक काना राहून जातो, तोही पुढे सुधारला जातो.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी कीबोर्डवाल्याचा निरोप येतो, लाल बदामवाल्या त्याच माणसाचा. त्या रविवारी लोणावळ्याला लग्नाचं संगीत आहे, सुपारी जुनी आहे, पार्टी ओळखीची आहे, नाही म्हणता येत नाही. गायक तत्क्षणी ढोलकीवाल्याला फोन लावतो. रात्रीचे साडेदहा झालेले असतात. ‘तूच समजाव रे त्याला, तुझं ऐकेल.’ पलीकडे पान्यानं बोल्ट आवळल्याचा आवाज येतो, मग चाटेवर एक टिचकी, मग पुन्हा पाना.

‘आज फोन करू नको,’ ढोलकीवाला म्हणतो. ‘उद्या सकाळी कर. चहा झाल्यावर.’