नायलॉनचा पीळ

गाठीला आपल्याकडे उगाच मान आहे. लग्नाच्या गाठी स्वर्गात, पैशाची कनवटीला, उपदेशाची पदराला. शिडाच्या होडीत मात्र तिला कोणी विचारत नाही. भाच्याला डिंगी हाकायचा नाद लागल्यापासून हे ज्ञान मला जेवणासोबत वाढलं जातं. "मामा, गाठीपाशी दोराची ताकद जवळजवळ निम्मी होते. शिवाय गाठ कप्पीत अडकते." म्हणून शीड आवळायच्या दोराला शॅकलची कडी लावायची, तर टोक दोराच्याच अंगात विणून फासा करायचा. याला स्प्लाइस म्हणतात. तयार मिळतो, पण किंमत ऐकून मामाचाच पीळ सुटतो. कुरकुर केली की भाचा दिलीप दोंद्यांना साक्षीला काढतो. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून 2009-10 साली ते एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा दोरात काटकसर केली असेल का?

म्हटलं, खारदांड्याचा कोळीवाडा हाकेच्या अंतरावर असताना दुकान कशाला? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी-दोर दुरुस्तीला काढलेले. एका तांडेलकाकांनी आधी त्यांचा नांगराचा दोर करून दाखवला. तीन पेड उलगडले, लाकडी टोच्याने उभ्या दोराचा पीळ उघडला आणि एकेक पेड पिळाच्या उलट दिशेने, एकावरून एकाखालून, ओवत नेला. काथ्याला तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन निसरडा, त्याला पाच. मग टोकं मेणबत्तीवर धरली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं म्हणणाऱ्याने नायलॉन पाहिला नसावा. इथे दोघंही एकदमच वितळतात. शेवटी काकांनी विणलेला भाग पायाखाली रगडला. "आता होडी फुटंल, हा सुटनार नाय."

मग भाच्याचा दोर हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"पोरा, याला पेड कुठंय?"

नव्हतेच. तो वेणीचा दोर, आतून पोकळ. डायनीमा म्हणतात, वजनाला वजन लावलं तर पोलादापेक्षा भक्कम. भाच्याने खुलासा केला : टोक दोराच्याच पोटात सरकवायचं, दोराच्या जाडीच्या सुमारे सत्तरपट. सहा मिलिमीटरचा दोर असला तर जवळजवळ हातभर. ओढ बसली की बाहेरची वेण आतल्या टोकाला आवळते. काका गप्प. शेजारी सुकट निवडत बसलेल्या काकूंनी मान वर केली.

"म्हंजी लेंग्यात नाडी घालाची ना?"

भाच्याची महागडी सुई बाजूला ठेवून त्यांनी कसली तरी तार वाकवली आणि टोक आत ओढून घेतलं. दोर ढिला पडल्यावर ते निसटू नये म्हणून वरून टाकेही घातले. हे टाके भाचा कोर्समध्ये पैसे भरून शिकला होता.

शिकायचं असेल तर जून-जुलैतच दांड्याला जा. होड्या पाण्यात गेल्या की तिथे कोणाला बोलायला फुरसत नसते. सोबत जुना तीनपेडी दोर न्या. नवा नेलात, तर काका तो ठेवून घेतील.